माणसाच्या चुकीला आकडा कसा लावतात, आणि दोन सह्यांचा खरा हिशोब

प्रश्न विचारणारा मुलगा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की अणुवीज केंद्राचा धोका काढताना पंप, व्हॉल्व्ह, ब्रेकर किती वेळा बिघडतात याचा डेटा असतो हे समजतं, पण माणूस किती वेळा चुकेल हा आकडा कुठून आणता, तो अंदाजपंचेच असणार ना. आणि दुसरं, प्रत्येक काम दोघांनी तपासलं, दोघांनी सह्या केल्या, तर चूक जवळजवळ शून्यच व्हायला हवी, मग एवढं मोठं गणित कशाला?

मी बरीच वर्षं हेच काम केलंय, प्रोबॅबिलिस्टिक सेफ्टी असेसमेंट म्हणजे आमच्या भाषेत पीएसए, आणि त्यातही माणसाच्या चुकीचा भाग, ज्याला ह्यूमन रिलायबिलिटी ॲनालिसिस म्हणतात. आता कोल्हापुरात परत आलोय, त्यामुळे उत्तर जरा निवांत आणि लांबलचक देतो. तुझा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे हे आधीच सांगून ठेवतो, खरा धोका त्या दोन सह्यांमध्येच लपलेला असतो.

आधी आकडा कुठून येतो ते. या कामाची सुरुवात अमेरिकेत सँडिया लॅबमध्ये झाली, अण्वस्त्रांच्या जुळणीत माणसं कुठे चुकतात हे मोजण्यापासून. ॲलन स्वेन नावाचा माणूस त्याच्या मुळाशी. १९७५ साली नॉर्मन रासमुसेन यांच्या नेतृत्वाखाली रिॲक्टरच्या धोक्याचा पहिला मोठा अभ्यास झाला, त्यात हे आकडे पहिल्यांदा रिॲक्टरला लावले गेले आणि मग १९८३ मध्ये स्वेन आणि गुटमन यांची जाडजूड हँडबुक आली, तिच्या पद्धतीला थर्प म्हणतात. त्यात टेबलंच टेबलं आहेत. उदाहरणार्थ काट्याचा मीटर चुकीचा वाचण्याची शक्यता ०.००३, आकडे दाखवणारा डिजिटल मीटर असेल तर ०.००१. लांब चेकलिस्ट आहे, टिक मारत मारत काम चाललंय, तरी त्यातली एक पायरी सुटण्याची शक्यता ०.००३. चेकलिस्ट आहे पण टिक मारली जात नाही, तर ०.०१. आणि कागद वापरायला हवा होता पण वापरलाच नाही, डोक्यातनंच काम केलं, तर ०.०५, म्हणजे वीसात एक.

हे आकडे बघ आणि एक गोष्ट लक्षात घे. माणूस तोच आहे, टेबलात कुठंही "आळशी ऑपरेटर" किंवा "हुशार ऑपरेटर" असा रकाना नाही. ०.००३ चा ०.०५ झाला तो माणूस बदलला म्हणून नाही झाला, त्याच्या हातातला कागद गेला म्हणून झाला. आम्ही माणसाला मार्क देत नाही, त्याला ज्या परिस्थितीत उभं केलंय त्या परिस्थितीला मार्क देतो. वेळ किती आहे, ताण किती आहे, पॅनेल कसं मांडलंय, असा प्रसंग आधी कधी सिम्युलेटरवर तरी बघितलाय का. ब्रिटनची हार्ट नावाची अशीच एक पद्धत आहे, तिच्यात तर सरळ गुणकच दिलेत, प्रसंग अनोळखी असेल पण परिणाम गंभीर तर १७ पटीपर्यंत, चूक ओळखून सुधारायला वेळ कमी असेल तर ११ पटीपर्यंत.

अंदाजपंचे आहे का? अंदाज आहेच, नाकारत नाही. ०.००३ च्या सोबत एरर फॅक्टर ३ लिहिलेला असतो, म्हणजे खरा आकडा ०.००१ ते ०.००९ मध्ये कुठंतरी असेल असं आम्हीच कबूल करतो. दोन चांगल्या ॲनालिस्टना एकच प्रसंग दिला तर आकडे वेगळे येतात. पण तुझ्या फर्नेसच्या लायनिंगची उष्णता तू जशी अगदी डिग्रीपर्यंत सांगू शकत नाहीस पण लायनिंग पातळ कुठं झालंय हे बरोबर सांगतोस, तसंच आहे हे. केंद्रातल्या शेकडो मानवी कामांपैकी कुठली दहा कामं खरी घातक आहेत, हे या पद्धतीतनं बाहेर पडतं, आणि ते बाहेर काढायला दुसरा मार्ग मला तरी अजून दिसला नाही.

आता दुसऱ्या सहीकडे येतो.

समज एक बॅकअप पंपाची लाइन आहे. महिन्यातनं एकदा टेस्ट होते, टेस्टसाठी व्हॉल्व्ह बंद करायचा आणि झाल्यावर परत उघडायचा. परत उघडायचं राहिलं तर बाहेरनं सगळं ठीक दिसतं, पंप ठीक, मोटर ठीक, वीज आहे, आणि ज्या दिवशी खरंच पाणी लागेल त्या दिवशी पाणी जात नाही. अशा चुकीला आम्ही आधीची चूक म्हणतो, अपघात सुरू व्हायच्या आधीच झोपून राहिलेली. उघडायचं राहण्याची शक्यता ०.००३. दुसरा माणूस तपासतो, त्याच्या नजरेतनं ही चूक निसटण्याची शक्यता हँडबुकप्रमाणे ०.१. हो, दहात एक, इतकी जास्त, कारण तपासणाऱ्याला मनातनं वाटत असतं की बरोबरच असणार. गुणाकार केला की ०.०००३.

सुरक्षेसाठी अशा दोन लाइनी असतात. दोन्ही बंद राहायची शक्यता किती? तू म्हणशील ०.०००३ गुणिले ०.०००३, म्हणजे एक कोटीत एकापेक्षाही कमी, विषय संपला. पण त्या दोन्ही लाइनींची टेस्ट त्याच दिवशी, त्याच दोघांनी, त्याच चेकलिस्टवर केली असेल तर? पहिला व्हॉल्व्ह ज्या कारणानं राहिला, फोन आला, जेवायची वेळ झाली, कागदावरची ओळच अशी लिहिलीय की दोन अर्थ निघतात, तेच कारण दुसऱ्या व्हॉल्व्हलाही लागू आहे. थर्पमध्ये याला डिपेंडन्सी म्हणतात आणि तिच्या पायऱ्या आहेत. डिपेंडन्सी जास्त असेल तर दुसऱ्या चुकीची शक्यता ही एक अधिक मूळ आकडा भागिले दोन, म्हणजे सरळ ०.५ च्या आसपास. मग दोन्ही बंद राहायची शक्यता ०.०००१५. आधीच्या आकड्याच्या सोळाशे पटीहून जास्त! माणसं तीच, व्हॉल्व्ह तेच, फक्त "दोघं वेगवेगळे आहेत" हे गृहीत धरणं काढून टाकलं.

हे काल्पनिक नाही. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या युनिटमध्ये पहाटे चारच्या सुमारास फीडवॉटर, म्हणजे स्टीम जनरेटरला जाणारं पाणी, बंद पडलं, आपत्कालीन पंप आपोआप सुरू झाले, पण पाणी स्टीम जनरेटरला (रिॲक्टरच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या भांड्याला) पोचलंच नाही, कारण त्या पंपांच्या दोन्ही लाइनींवरचे ब्लॉक व्हॉल्व्ह बंद होते. दोन्ही! दोनच दिवसांआधी त्यांची टेस्ट झाली होती. कंट्रोल रूममध्ये दिवे होते, त्यातला एक मेंटेनन्सच्या टॅगखाली झाकला गेला होता. आठ मिनिटांनी कुणाच्यातरी लक्षात आलं आणि व्हॉल्व्ह उघडले.

ती आठ मिनिटं तिथल्या अपघाताचं मुख्य कारण नव्हती हेही सांगायला हवं. मुख्य कारण म्हणजे रिॲक्टरच्या पाण्याचा जास्तीचा दाब सोडणारा वरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडला तो परत बसलाच नाही, त्यातनं पाणी जात राहिलं. आणि पॅनेलवरचा दिवा विझला होता, म्हणून ऑपरेटरना वाटलं व्हॉल्व्ह बंद झाला. पण तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता, व्हॉल्व्हला दिलेला हुकूम दाखवत होता! "बंद हो" असा सिग्नल गेला एवढंच. त्यात प्रेशरायझरची, म्हणजे रिॲक्टरच्या पाण्याचा दाब सांभाळणाऱ्या टाकीची, लेव्हल वर चढत होती आणि ट्रेनिंगमध्ये त्यांना हेच शिकवलं होतं की लेव्हल पूर्ण भरू द्यायची नाही, म्हणून त्यांनी आत येणारं आपत्कालीन पाणी हातानं कमी केलं. व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपचं तापमान जास्त होतं, पण तो व्हॉल्व्ह आधीपासूनच थोडा गळत होता, त्यामुळे तिथलं तापमान नेहमीच जास्त असायचं. ज्या टाकीत ते पाणी जमत होतं तिचे मीटर पॅनेलच्या मागच्या बाजूला. शंभरावर अलार्म एकदम वाजत होते आणि कॉम्प्युटरचा प्रिंटर मागे पडला होता. त्या खोलीत त्या रात्री कुणालाही बसव, मी असतो तर मीही तेच केलं असतं असं मला मनापासून वाटतं.

मग ते कळलं कसं? दोन तास वीस मिनिटांनी, सकाळच्या शिफ्टला आलेल्या माणसानं आकडे बघितले, आणि रिलीफ व्हॉल्व्हच्या मागचा ब्लॉक व्हॉल्व्ह बंद करायला लावला. तो काही इतरांपेक्षा हुशार होता असं नाही. आधीचे दोन तास तो त्या खोलीत नव्हता, पहिल्या पाच मिनिटांत पक्की झालेली समजूत त्याच्या डोक्यात नव्हती. मी ज्याला खरी दुसरी सही म्हणतो ती ही.

आणि मला आजही सलतं ते याच्या दीड वर्ष आधीचं. सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात अगदी हेच झालं होतं, रिलीफ व्हॉल्व्ह उघडा राहिला, ऑपरेटरनी पाणी कमी केलं. रिॲक्टर फक्त ९ टक्के पॉवरवर होता आणि वीसेक मिनिटांत लक्षात आलं म्हणून निभावलं. तो धडा थ्री माइल आयलंडच्या कंट्रोल रूमपर्यंत पोचला नाही. ही चूक कुठल्या ऑपरेटरच्या नावावर लिहायची?

आता माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली एक गोष्ट सांगतो. एका केंद्रात, नाव घेत नाही, अशाच एका टेस्टनंतरची लाइन-अप, म्हणजे व्हॉल्व्ह परत जागच्या स्थितीत आणायचं काम, बघायला मी फील्ड ऑपरेटरच्या मागोमाग गेलो होतो. आमच्या कामात याला वॉक-थ्रू म्हणतात आणि माझ्या मते सगळ्या कामाचा जीव यात आहे, ऑफिसात बसून टेबलातले आकडे उचलणाऱ्याचा अभ्यास मी वाचत नाही. व्हॉल्व्ह वर होता, साधारण बारा-तेरा फूट, उभ्या शिडीनं चढून जायचं. गरम, आवाज प्रचंड, कानात प्लग. ऑपरेटर वर चढला, चाक फिरवलं. तपासणारा खाली उभा, हातात चेकलिस्ट. त्यानं हाताचा अंगठा वर करून विचारलं, वरून अंगठा आला, आणि खाली सही झाली. त्या दिवशी व्हॉल्व्ह बरोबरच उघडला होता, मी नंतर वर चढून बघितलं, काही चूक नव्हती. पण खालच्या माणसानं व्हॉल्व्ह तपासलाच नव्हता, त्यानं वरच्याचा अंगठा तपासला होता.

मी परत येऊन तपासणाऱ्याचा ०.१ काढला आणि जास्त डिपेंडन्सीचं सूत्र लावून ०.५५ केला. म्हणजे दहा चुकांपैकी नऊ पकडणारा माणूस आता निम्म्यासुद्धा पकडत नाही. आणि त्याला दोष द्यायचा माझा हेतू नव्हता, मी शिफारस लिहिली ती शिडीबद्दल. दुसऱ्याला वर जायला प्लॅटफॉर्म द्या, किंवा व्हॉल्व्हला लिमिट स्विच बसवून खरी स्थिती कंट्रोल रूममध्ये दाखवा, आणि दोन लाइनींच्या टेस्ट वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या शिफ्टला करा. यातली शेवटची फुकट आहे, फक्त वेळापत्रक बदलायचं, आणि गणितात सगळ्यात जास्त फरक तिनंच पडतो.

इथं नवीन ॲनालिस्टच्या हातून नेमकी एक चूक होते ती सांगून ठेवतो, कारण तू उद्या या क्षेत्रात आलास तर उपयोगी पडेल. कॉम्प्युटर जेव्हा लाखो कॉम्बिनेशन काढतो तेव्हा फार छोटे आकडे तो गाळून टाकतो. एकाच प्रसंगात तीन-चार मानवी चुका असतील आणि तू त्या सुट्या सुट्या समजून गुणल्यास तर गुणाकार इतका लहान होतो की ते कॉम्बिनेशन यादीतनंच गायब, मग डिपेंडन्सी लावायला ते तुला दिसतच नाही. म्हणून पहिल्या रनला सगळ्या मानवी चुका मुद्दाम ०.५ वगैरे ठेवायच्या, जी कॉम्बिनेशनं वर येतील ती एकेक करून हातानं बघायची, माणसं तीच का, वेळ तीच का, चुकीची समजूत तीच का, आणि मग खरे आकडे घालायचे. कंटाळवाणं काम आहे पण याला पर्याय नाही. अख्ख्या रिॲक्टरसाठी गाभा वितळण्याचं लक्ष्यच जुन्या केंद्रांना दहा हजार रिॲक्टर-वर्षांत एकदा, नव्यांना एक लाखात एकदा असं असतं, तिथं सोळाशे पटीची चूक म्हणजे सगळा अभ्यासच खोटा.

वेळेचं थोडं सांगतो. काहीतरी बिघडलंय, पण नेमकं काय हे ओळखायला टीमला किती वेळ आहे, यावर थर्पमध्ये एक वक्र आहे. पहिल्या मिनिटात न ओळखण्याची शक्यता १, म्हणजे कुणीच ओळखत नाही असं धरायचं. दहा मिनिटांत ०.१, वीस मिनिटांत ०.०१, तीस मिनिटांत ०.००१. म्हणून नवीन डिझाइनमध्ये पहिला अर्धा तास माणसानं काहीही केलं नाही तरी रिॲक्टर सुरक्षित राहिला पाहिजे असा आग्रह असतो. आपल्याकडचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे. पावसाळ्यात रात्री दोन वाजता धरण भरलं तर कुणी उठून निर्णय घ्यायचा, फोन करायचा, बटण दाबायचं, यातलं काही नाही, पाणी ठराविक पातळीला आलं की पाण्याच्याच दाबानं दरवाजा उघडतो आणि सकाळी आपण बातमी वाचतो की तीन नंबर उघडला. तिथं माणसाच्या निदानाचा आकडा गणितातनं निघूनच जातो. आपल्या हेवी वॉटर रिॲक्टरमध्ये, कैगाला आहेत तसल्या, वीज गेली की रिॲक्टर बंद करणारे शट-ऑफ रॉड आपल्या वजनानं खाली पडतात, तोच विचार. अर्थात दरवाज्याची देखभाल माणूसच करतो, त्यामुळे आधीची चूक राहतेच, ती कुठल्याच डिझाइननं जात नाही.

दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. ३१ मार्च १९९३ ला पहाटे उत्तर प्रदेशात नरोराच्या पहिल्या युनिटमध्ये टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेलाला आग लागली, आग केबलमधनं पसरली आणि केंद्राची सगळी वीज गेली, ती १७ तास. बॅकअपच्या केबली एकमेकींपासून नीट वेगळ्या नव्हत्या, म्हणजे यंत्राचीसुद्धा डिपेंडन्सीच. धुरामुळे कंट्रोल रूम सोडावी लागली. तशा अंधारात काही ऑपरेटर टॉर्च घेऊन रिॲक्टर बिल्डिंगच्या वर चढले आणि रिॲक्टर बंदच ठेवणारं बोरॉनचं द्रावण आत सोडायचे व्हॉल्व्ह हातानं उघडले, आणि डिझेलवर चालणाऱ्या फायर पंपांनी स्टीम जनरेटरला पाणी दिलं. गाभा वाचला. यंत्रं सगळी हरल्यावर माणूसच होता तिथं. जो अभ्यास माणसाला फक्त चुकणारा भाग म्हणून बघतो तो ही बाजू मोजत नाही, आणि मला ती त्या अभ्यासाची मोठी उणीव वाटते.

चेर्नोबिलबद्दल एवढंच, की १९८६ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय अहवालात सगळा भर ऑपरेटरच्या नियमभंगावर होता, आणि १९९२ च्या सुधारित अहवालात तो भर रिॲक्टर आवरणाऱ्या कंट्रोल रॉडच्या डिझाइनकडे आणि सुरक्षेच्या एकूण संस्कृतीकडे गेला. "ह्यूमन एरर" असं लिहून फाइल बंद केली असती तर इतर तसल्याच रिॲक्टरमधले रॉड कुणी बदलले असते?

आता तुझ्या शिरोलीकडे. तुझ्या प्रश्नात एक वाक्य होतं की तुमच्याकडे फर्नेस चार्ज करायच्या आधी स्क्रॅप कोरडं आहे का हे दोघं बघतात आणि हीट शीटवर, म्हणजे प्रत्येक वितळणीच्या नोंदीच्या कागदावर, दोघांच्या सह्या असतात. ओलं स्क्रॅप वितळलेल्या लोखंडात गेलं तर काय होतं हे तुला मी सांगायला नको. तर असं कर, मागच्या तीन महिन्यांच्या हीट शीट काढ आणि फक्त दोन सह्या बघ, बाकी काही नाही. दोन्हीची वेळ एकच आहे का, पेन एकच आहे का, जोडी नेहमी तीच आहे का, पावसाळ्याच्या आठवड्यात एकदाही कुणी "ओलं आहे, थांबवा" असं लिहिलंय का. पूर्ण जुलै-ऑगस्ट कोल्हापुरात पडून एकदाही लिहिलं नसेल तर दुसऱ्या सहीला ०.१ देऊ नकोस, ०.५५ दे. मग एकदा पहाटे तीनच्या सुमारास स्वतः चार्जिंग प्लॅटफॉर्मवर जाऊन उभा राहा, कुणाला काही न विचारता अर्धा तास बघ, दुसरा माणूस स्क्रॅपच्या ढिगाजवळ जातोय का पहिल्याच्या तोंडाकडे बघतोय. जे दिसेल ते लिहून हिशोब मांड आणि मला पाठव, आकडे मी तपासून देतो, फक्त तुझी उत्तरं माझ्या उत्तरांवरून काढू नकोस, आधी स्वतः काढ.